कुत्र्यासाठी एवढं?

घरातलं कुत्रं किंवा मांजर गेलं की घरचे रडत असतात, आणि दारात उभं असलेलं कुणीतरी म्हणतंच, ‘कुत्र्यासाठी एवढं?’ माझी सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली. औषधं देणं, लसी टोचणं, पट्ट्या बांधणं हे रोजचं काम, आणि त्या ओघात जनावरांच्या शेवटच्या घटकाही पुष्कळ पाहिल्या. हा प्रश्न कानावर पडला की चांगली कर्ती माणसंसुद्धा घाईघाईने डोळे पुसतात, विषय बदलतात आणि दुःख आतल्या आत दाबून टाकतात. निवृत्त झालो तरी भिवंडीतल्या नारपोलीच्या घरी लोक येतात, अपरात्री फोन करतात. ‘काका, आमचा टायगर गेला हो, आता काय करायचं?’ देहाचं काय करायचं हे त्यांना विचारायचं असतंच, पण उद्या सकाळी रिकाम्या दारातून बाहेर कसं पडायचं हेही त्यात असतं. देहाची व्यवस्था मानाने झाली तर उद्याची सकाळ थोडी सोसवते, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

‘एवढं?’ म्हणणाऱ्याला मी साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला जाऊन यायला सांगतो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत, आणि तिथेच छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे. खंड्या हे त्याचं नाव. वाघाच्या शिकारीत या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात याची नोंद केली आहे. एक सरदार भारी डामडौलाने दरबारात येणार होता, तेव्हा महाराज स्वतः साध्या वेशात बसले आणि कुत्र्याला जरीचे कपडे, दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असंही तो सांगतो. पुष्कळांना हा राजाचा लहरीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. १६८९ ते १७०७, म्हणजे बालपण आणि ऐन तारुण्य मोगलांच्या कैदेत काढलेल्या माणसाला निखळ निष्ठेची किंमत इतरांपेक्षा जास्त कळली असणार.

त्याहूनही जुनी गोष्ट कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरची. काळ दहाव्या शतकाच्या मध्याचा. ज्यांच्या पूर्वजांनी वेरूळचं कैलास लेणं खोदवलं त्या राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग सामंत बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं. त्यात पराक्रम गाजवलेल्या मनलरत नावाच्या वीराला बक्षीस माग म्हटलं, तेव्हा त्याने ‘काली’ नावाचं शिकारी कुत्रं मागितलं. पुढे काली एका दांडग्या रानडुकराशी झुंजलं आणि दोघंही मेली. मनलरताने वीरगळ उभारला. त्यावर कुत्रं आणि डुक्कर समोरासमोर भिडलेली कोरली आहेत. दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि लेखात अट घातली की या दगडाची पूजा केल्याशिवाय पुजाऱ्याने जेवू नये. हा दगड आज बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की दगड उभारून भागत नाही, रोज कुणीतरी आठवण काढावी लागते, आणि आठवण काढणाऱ्याच्या पोटाचीही सोय लागते.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीबद्दल इतिहासकारांत वाद आहे, त्यात मला पडायचं नाही. पण अलीकडचा, कुणालाच नाकारता न येणारा दाखला मुंबई पोलिसांच्या जंजीरचा. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर या लॅब्रेडॉरने मुंबईतच नव्हे, तर आमच्या शेजारच्या मुंब्रा-ठाण्यातही स्फोटकं हुंगून काढली. त्याने शोधलेल्या आरडीएक्सचा आकडा तीन हजार किलोंच्या वर सांगतात. हाडांच्या कर्करोगाने नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला पूर्ण इतमामात निरोप दिला, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पुष्पचक्र वाहिलं. आणि खेड्यापाड्यात बैल गेला तर आजही शेतकरी त्याला शेताच्या बांधावर पुरतात, काही जण दशक्रिया करतात, गावजेवण घालतात. पोळ्याला ज्याच्या पाया पडलो त्याच्यासाठी रडताना त्यांना कुणाची लाज वाटत नाही.

अडचण शहरात येते, आणि आमच्या नारपोलीत फारच. इथे घराला घर, कापड विणणाऱ्या लूमला लूम लागून. गल्ल्यांत काँक्रीट आणि गटार. अंजूरफाट्यापासून राहनाळ, पूर्णा, काल्हेरपर्यंत जिथे भातशेती होती तिथे आता गोदामांच्या रांगा आहेत. खड्डा खणावा एवढी मऊ जमीन शोधायची कुठे? शहरातल्या माणसांचं दुःख इथे येऊन अडतं.

आमच्या मागच्या कंपाउंडमधल्या कारखान्यात बबली नावाची गावठी कुत्री होती. कुणा एकाची नाही, अख्ख्या कारखान्याची. लूमचा खडखडाट असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. बबली मात्र बीमच्या आडोशाला, उडून साठलेल्या कापसाच्या तंतूंत ढाराढूर झोपायची. लाइट गेली आणि लूम थांबले की दचकून उठायची, दारात जाऊन भुंकायला लागायची. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पाळी बदलताना येणाऱ्या प्रत्येकाचा पाय हुंगायची आणि नवखा दिसला की वाट अडवायची. म्हातारपणी तिची मूत्रपिंडं गेली. मी सलाइन लावत राहिलो, पण ऐन पावसाळ्यात एका पहाटे ती गेली.

रात्रपाळी सुटत होती, दिवसपाळी येत होती. लूम सांभाळणाऱ्या जॉबरने काही न बोलता चालू लूमवरच्या ताग्यातून हात-दीड हात नव्हे, चांगलं दोन वार ग्रे कापड कात्रीने कापलं. कोरं, धुतलेलं नाही, सायझिंगच्या खळीचा वास असलेलं. तिला त्यात गुंडाळलं. कांड्या भरणाऱ्या तेलुगू मावशींनी हळद-कुंकू आणलं. फावडं सगळ्यात आधी उचललं ते रात्रपाळीच्या उत्तर प्रदेशातल्या एका चाचांनी. बारा तास उभं राहून आलेला माणूस, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. पूर्ण्याकडे माझ्या एका आगरी मित्राची थोडी जमीन उरली आहे, तिथे उंचवट्यावर तिला पुरलं. सखल जागा मुद्दाम टाळली, कारण पावसाचं पाणी भरलं की माती खचते आणि देह उघडा पडतो. आम्ही परत येईपर्यंत सेठने लूम बंद ठेवले होते. इथे मजुरी मीटरवर मिळते, लूम थांबला की सेठचे आणि कारागिराचे दोघांचेही पैसे थांबतात. त्या दिवशी ‘कुत्रीसाठी एवढं?’ असं एकानेही विचारलं नाही.

आता कामाचं सांगतो, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. जीव गेल्यावर काही तासांत अंग ताठतं, त्याआधी पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं निजवावं. डोळे मिटत नाहीत, त्याने घाबरू नये. लघवी, शी बाहेर येते, म्हणून खाली जुनी चादर घालावी. उन्हाळ्यात फार वेळ ठेवायचं असेल तर भोवती बर्फ लागतो. घरात दुसरं कुत्रं-मांजर असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्यावं, नाहीतर ते कधी कधी पुढे कितीतरी दिवस सोबत्याला शोधत राहतं. आजार संसर्गाचा असेल तर मात्र नाही. पिसाळल्याचा नुसता संशय असला तरी कवटाळू नका, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. पशुवैद्यकांना कळवा, आणि ज्यांना लाळ लागली असेल त्या सगळ्यांनी त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

पुरायचं तर खड्डा निदान तीन-चार फूट खोल हवा, विहीर-बोअरवेलपासून लांब. प्लॅस्टिकची पिशवी किंवा रेक्झिन नको, सुती कापडच हवं, ते मातीत मिसळतं. आपल्याकडे मीठ घालतात, घालावं. वर दगड आणि काटेरी फांद्या टाकाव्यात म्हणजे दुसरी जनावरं उकरत नाहीत. दुखण्यातून सोडवण्यासाठी इंजेक्शन देऊन जीव शांत केला असेल तर आणखी जपा, कारण ते औषध देहात राहतं आणि तो देह खाणारं जनावर मरू शकतं. असंच, जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, त्यांची मढी खाऊन आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. खाडीत, नाल्यात किंवा कचराकुंडीत आपलं जनावर कधीही टाकू नका.

जमीन नसेल तर दहन. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला एव्हरशाइन नगरच्या कोंडवाड्यात पाळीव प्राण्यांसाठी पाइप गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. नारपोलीहून ते अंतर पार करायचं म्हणजे घोडबंदरच्या वाहतुकीतून मृत कुत्रं मांडीवर घेऊन जायचं, आणि रिक्षावाला त्याला तयार होत नाही. प्रत्येक महापालिकेने माणसांच्या स्मशानाइतक्याच गांभीर्याने ही सोय उभी केली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. चार कुत्रेप्रेमींची हौस म्हणून याकडे पाहू नये. हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि माणुसकीचाही. कुठेही नेलंत तरी आधी एक विचारून घ्या, दहन एकट्याचं आहे की अनेकांचं एकत्र? एकत्र असेल तर आपल्या जिवाची राख वेगळी मिळत नाही. राख मिळालीच आणि कुंडीत घालायची असली तर भरपूर मातीत थोडी थोडी मिसळा. राखेत क्षार फार असतात, नुसती मुळाशी ओतली तर तुळस जळते, आणि ते दुसरं मरण बघणं फार वाईट.

आठवणीच्या वस्तू ज्याच्या त्याच्या. मला पंजाचा ठसा सगळ्यात मोलाचा वाटतो. स्टॅम्प पॅडची शाई आणि जाड कागद पुरतो, आणि जिवंत असतानाच घेतला तर त्यात दुखऱ्या पायाचा वाकडेपणाही उतरतो. पट्टा, घुंगरू, केसांची बट डबीत ठेवता येते. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात, म्हणून दोन-चार तरी छापून घ्यावेत, भुंकण्याचा आवाज दोन ठिकाणी साठवावा. त्याच्या खोड्या वहीत लिहाव्यात. पहिल्या महिन्यात जे आठवतं ते वर्षाने आठवत नाही. उरलेलं खाद्य आणि न फोडलेली औषधं जवळच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात द्यावीत.

मुलांशी खरं बोलावं. ‘तो गावाला गेला’ असं सांगितलेली मुलं दाराशी वाट बघत बसलेली मी पाहिली आहेत. ‘मेला, आता परत येणार नाही, त्याला दुखतही नाही’ एवढं सरळ सांगितलं तर सहा वर्षांचं पोरही समजून घेतं. त्याला खड्ड्यात मूठभर माती टाकू द्यावी, चित्र काढून ठेवायचं म्हणालं तर ठेवू द्यावं. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं मांजर गेलं असेल तर त्याला ‘दुसरं आणा’ असं लगेच म्हणू नये. त्याच्याकडे जाऊन बसावं, मांजराबद्दल विचारावं, तो सांगेल ते ऐकावं. आप्त गेल्यावर जसं भेटायला जातो तसंच जावं.

आमच्या कंपाउंडने बबलीचं स्मारक म्हणून एक काम अंगावर घेतलं आहे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, लुई पाश्चरची पुण्यतिथी. त्याच्या आसपासच्या सुट्टीला बबलीच्या नावाने आम्ही नारपोलीतल्या गल्ल्यांमधल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतो. खर्चाला सेठ आहेत, कारागीर जमेल ते देतात, सुई पशुवैद्यक टोचतात. मी कुत्री धरतो आणि वही लिहितो. रंग, गल्ली, नर की मादी, कानाला नसबंदीची खूण आहे का, हे सगळं त्यात असतं. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते, म्हणून बर्फाचा डबा बरोबर लागतो. उन्हं चढायच्या आत निघावं लागतं. सकाळची पाळी बदलायची वेळ सगळ्यात सोयीची, कारण त्या वेळी चहाच्या टपऱ्यांवर कारागीर बिस्किटं टाकतात आणि गल्लीतली सगळी कुत्री आपणहून एका जागी येतात.