सूर, शिस्त आणि सचोटी

मंगलकार्यातील भोजन, सजावट आणि आहेर यांच्या आठवणी कालांतराने पुसट होतात. कर्कश आवाजाने झालेला विरस मात्र वर्षानुवर्षे स्मरणात राहतो. म्हणूनच समारंभस्थळी आपली यंत्रणा घेऊन जाणारा डी.जे. हा त्या सायंकाळपुरता यजमानाचा विश्वस्त असतो.

बेंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका हे या व्यवसायाची कसोटी पाहणारे ठिकाण आहे. केंपेगौडा घराण्याचे हे जुने ठाणे. आज वायुदलाचा तळ, रेल्वेचा चाक कारखाना आणि दाट वसाहती येथे शेजारी-शेजारी नांदतात. १६३८ साली बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी भाषा या शहराला तेव्हापासून परिचित आहे. येथील कल्याण मंटपात कन्नड, मराठी, तेलुगू आणि हिंदी भाषक पाहुणे एकत्र येतात. कुंपणापलीकडे मात्र पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात. या दोहोंची जाण ज्याला आहे, तोच व्यावसायिक येथे टिकतो.

पूर्वतयारी

जाणकार डी.जे. समारंभापूर्वी स्थळाची पाहणी करतो. वीजजोडणीची क्षमता, अर्थिंग, जनित्राची सोय आणि शेजारच्या घरांचे अंतर तो पाहून ठेवतो. पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील तारा तो झाकून घेतो. जादा तारा, दुसरा मायक्रोफोन आणि गाण्यांची दुसरी प्रत जवळ बाळगतो. पाहुणे येण्यापूर्वी ध्वनिचाचणी संपलेली असते. वधूवरांची व वडीलधाऱ्यांची नावे, त्यांचे अचूक उच्चार आणि विधींचा क्रम त्याने लिहून घेतलेला असतो. कारण मंगलाष्टके चालू असताना वाजलेले एक चुकीचे गाणे साऱ्या सोहळ्याला गालबोट लावते.

दहाचा ठोका

खरी परीक्षा रात्री दहाच्या सुमारास होते. पाहुणे रंगात आलेले असतात आणि ‘आणखी एकच गाणे’ असा आग्रह सुरू होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहांना अपवाद आहे. तथापि तेथील आवाजही हद्दीबाहेर मर्यादेतच राहावा लागतो. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधील निकालात मर्यादा ओलांडणारी यंत्रणा जप्त करण्याची तरतूद करावी, असा आदेश राज्यांना दिला. कर्ज काढून घेतलेली यंत्रणा जप्त झाली तर उत्पन्न थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. त्या एका गाण्याची किंमत एवढी मोठी असू शकते. म्हणून समाप्तीची वेळ करारातच नमूद करावी, साडेनऊपासून गाण्यांची लय हळूहळू उतरवावी आणि अखेरच्या गाण्याची घोषणा यजमानांकडूनच करवावी. नकार द्यावा लागला, तर तो हसतमुखाने द्यावा.

मोठा नव्हे, स्पष्ट आवाज

कोल्हापूर-सांगलीकडे ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. मौज अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ साली स्थापन केलेली कंपनी नावारूपाला आली, ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणाऱ्या तंत्रामुळे! डेसिबलचे गणितही लक्षात घेण्याजोगे आहे. १० डेसिबलची वाढ म्हणजे दसपट ध्वनिशक्ती. उलट, मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे एकाच मोठ्या भिंतीऐवजी नृत्याच्या जागेभोवती लहान ध्वनिक्षेपक लावणे आणि त्यांची तोंडे वस्तीकडे न ठेवणे हिताचे. ज्येष्ठ नागरिक व लहान मुले यांची आसने ध्वनिक्षेपकांपासून दूर असावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीतस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली. ही पातळी श्रोत्यांच्या कानांसाठी आहे; परिसराची मर्यादा त्याहून पुष्कळ खाली आहे. रोज यंत्रणेजवळ उभ्या राहणाऱ्या डी.जे.ने स्वतःचे कानही जपावेत.

व्यवहार आणि विश्वास

तोंडी ठरावापेक्षा एक पानाचा लेखी करार बरा. त्यात तारीख, वेळ, अग्रिम रक्कम, यंत्रणेचा तपशील आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय करावे, हे स्पष्ट असावे. प्रताधिकार कायद्यात विवाहाशी निगडित समारंभांना सूट आहे. कंपनीच्या स्नेहसंमेलनासारख्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रित गाणी वाजवताना मात्र परवान्याची चौकशी आधीच करावी.

मिळालेली रक्कम बँक खात्यात जमा होत गेली, की उत्पन्नाची नोंद आपोआप तयार होते आणि पुढील कर्जाच्या वेळी ती उपयोगी पडते. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत लहान सेवाव्यवसायांनाही कर्ज मिळू शकते. शिशु गटाची मर्यादा ५० हजार, तर किशोर गटाची ५ लाख रुपये आहे. हप्त्याचा हिशेब करताना लग्नाचे मुहूर्त नसलेले महिनेही धरावेत. यंत्रणेचा विमा उतरवावा.

समारंभ संपतो, मांडव उतरतो. सामान आवरून निघताना यजमानांनी पुढच्या कार्याची तारीख सांगितली आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही, तर त्या दिवसाचे काम चोख झाले असे समजावे.