एमबीएच्या वाटेवर (लेखांक ४) : ‘कन्सल्टिंगच का?’

कॅटच्या तयारीत गेलेली वर्षं आपण गेल्या आठवड्यात पाहिली. प्रवेश मिळाल्यावरची पहिली कसोटी वेळापत्रकाची असते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम जूनच्या सुमारास सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे ‘समर्स’च्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या, मुलाखती लागतात. प्रत्यक्ष इंटर्नशिप त्यानंतरच्या एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे फायनान्स आणि मार्केटिंगची जेमतेम तोंडओळख झालेली असताना कशात रस आहे ते ठामपणे सांगायचं! मुंबईच्या जमनालाल बजाजपासून २०१५ साली सुरू झालेल्या नागपूरच्या आयआयएमपर्यंत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं.

त्या मुलाखतींच्या सरावासाठी सप्टेंबरातल्या रात्री होस्टेलच्या खोलीत दोघं समोरासमोर बसतात, एक उमेदवार आणि दुसरा मुलाखतकार. ‘मुंबईत वर्षाला किती छत्र्या विकल्या जात असतील?’ लोकसंख्या, घरटी माणसं, छत्री किती पावसाळे टिकते, असा हिशेब वहीच्या पानावर उतरतो. मग पुढचा प्रश्न येतो, ‘कन्सल्टिंगच का?’ इथे मुलं अडखळतात. ‘खूप शिकायला मिळेल, असं म्हणू नकोस, सगळे तेच म्हणतात,’ असं सीनियर बजावतो. उत्तर घासूनपुसून घेतलं जातं, दहा वेळा म्हटलं जातं आणि सफाईदार होतं.

त्यानंतर जे होतं ते जास्त गंभीर आहे. स्वतःच रचलेलं उत्तर मुलाला खरं वाटू लागतं. यात त्याची लबाडी नसते. शॉर्टलिस्ट लागली की आजूबाजूचे सगळे एकाच दिशेने धावत असतात. त्यात वीस लाखांच्या वरची फी आणि तिच्यासाठी काढलेलं कर्ज. अशा वेळी ‘मला अजून कळलेलं नाही’ हे प्रामाणिक वाक्य मुलाखतीत परवडत नाही.

हर्मिनिया इबारा यांनी ‘वर्किंग आयडेंटिटी’ या २००३ सालच्या पुस्तकात ऐन कारकिर्दीत व्यवसाय बदलणाऱ्या माणसांचा अभ्यास मांडला. आधी आत्मपरीक्षण आणि मग कृती, हा रूढ क्रम त्यांनी उलटा केला. नवं काम छोट्या प्रमाणात करून पाहिल्यावरच आपण कोण आहोत, याचा अंदाज माणसाला येतो, असं त्या सांगतात. हे पटलं, तर बिझनेस स्कूलचा क्रम चुकीचा ठरतो. तिथे निवड आधी होते, अनुभव मागाहून येतो.

याला अपवादही असतात. कौशलेंद्र कुमार २००७ साली अहमदाबादहून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले आणि पाटण्यात भाजीच्या धंद्यात उतरले. त्यांची गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. पण ते नालंदा जिल्ह्यातल्या गावचे आणि कृषी अभियांत्रिकी शिकलेले. आपल्याला काय करायचं, याची सामग्री त्यांच्याजवळ कॅम्पसच्या आधीपासूनच होती. बावीस-तेविसाव्या वर्षी, थेट इंजिनीअरिंगहून आलेल्या किती जणांकडे ती असते?

अहमदाबादने ‘प्लेसमेंट हॉलिडे’ची सोय केली आहे. स्वतःचा उद्योग करू पाहणाऱ्याला प्लेसमेंट सोडून ठरावीक काळाने पुन्हा मुलाखतींना बसता येतं. सोय मोलाची, पण ती उद्योजकांपुरती. इंटर्नशिपचे दोन महिने संपताना ‘हे काम माझं नव्हे’ असं ज्याला उमगतं, त्याच्यापुढे पर्याय दोनच उरतात. त्याच कंपनीने देऊ केलेली पक्की नोकरी घ्यायची, किंवा ती नाकारून दुसऱ्या वर्षी अंतिम प्लेसमेंटच्या रांगेत नव्याने उभं राहायचं. हे नाकारणारे काय विचार करतात आणि घरी कसं सांगतात, ते पुढच्या लेखांकात.