ईएमआय कमी दिसतोय? आधी मुदत बघा!

गाड्या आपल्या चाकणला बनतात, म्हणून आपल्याला काही स्वस्त मिळत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तरी आरटीओचा टॅक्स आणि इन्शुरन्स वेगळा भरावाच लागतो. मग घ्यायची की थांबायचं? सध्या मीही हेच गणित मांडतोय.

मोबाइलवर ईएमआय कॅल्क्युलेटर उघडा. कर्ज ८ लाख, व्याज ९ टक्के. ५ वर्षांसाठी हप्ता येतो साधारण १६,६०० रुपये. मुदत ७ वर्षं केली की १२,९००. स्वस्त वाटलं ना? पण एकूण व्याज १.९६ लाखांवरून २.८१ लाखांवर गेलं! म्हणून हप्त्याआधी एकूण रक्कम बघा.

आता वापर. कामाला न्यायला कंपनीची बस असेल आणि पिंपरीहून स्वारगेटला मेट्रोने जाता येत असेल, तर गाडी निघणार फक्त रविवारी. हप्ता मात्र रोजचाच.

माझा उपाय सोपा आहे: आजपासून ५ वर्षांवाला हप्ता दरमहा वेगळ्या खात्यात टाका, शिवाय पेट्रोल-पार्किंगचे पैसेही. सहा महिने ओढाताण न होता जमलं, तर गाडी परवडते आणि डाउन पेमेंटसाठी लाखभर रुपयेही हातात येतात. नाही जमलं, तर नुकसान काहीच नाही. पैसे तुमचेच आहेत.