ब्रीदरचा पाइप कुठे सोडायचा?

गाडी चालू ठेवून फिटर ऑइलचं झाकण उघडतो. भोकातून जरासा धूर आला की मान हलवतो, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय, इंजिन काम निघालं.’ मालकाचा चेहरा पडतो. खरं तर थोडं बॅक कॉम्प्रेशन कोऱ्या गाडीतही असतं. पिस्टनच्या रिंगांच्या तोंडाशी फट ठेवावीच लागते आणि दर स्फोटाला तिथून चिमूटभर वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये उतरतो. झाकण भोकावर उलटं ठेवल्यावर नाचून पडायला लागलं, तर काळजी करावी.

पेट्रोल इंजिनात हा वायू म्हणजे बराचसा न जळलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रणच असतो. सोबत पाण्याची वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं ऑइलशी घुसळलं जातं. म्हणून थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट साका धरतो. तो बघून लगेच ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणू नये. कूलंट कमी होतंय का, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का, ते आधी बघावं. नसेल तर हायवेवर तासभर पळवल्यावर साका बहुतेक वेळा विरघळून जातो.

गाड्या सजवणाऱ्या पोरांमध्ये एक ठाम समजूत असते: पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधला वायू परत इंजिनात सोडणारी झडप) प्रदूषणवाल्यांनी घुसडला, काढून पाइप मोकळा सोडला की इंजिन मोकळा श्वास घेतं. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. पूर्वी चेंबरचा वायू बाहेर काढणारा ब्रीदर पाइप गाडीखाली उघडा सोडत. गाडी पळत असताना वाऱ्याने त्यात ओढ तयार व्हायची. सिग्नलला उभी राहिली की ओढ संपली. वायू आत कोंडायचा, ऑइलचा चिखल व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांना खोल पाण्यातून न्यायचं होतं, तेव्हा हा वायू बाहेर न सोडता इंजिनातच ओढून घेण्याची पद्धत वापरली गेली. गाड्यांमध्ये ती धुरक्यामुळे आली: कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून, उरलेल्या अमेरिकेत १९६३पासून. पण इंजिनाचाही त्यात फायदाच झाला. एका बाजूने एअर फिल्टरची स्वच्छ हवा आत येते, दुसऱ्या बाजूने इनटेक मॅनिफोल्ड घाण वायू ओढून घेतो. घर वारं वाहतं राहायला समोरासमोर दोन खिडक्या लागतात, तसंच हे. पाइप तोडून त्यावर छोटा फिल्टर बसवला की दाब निघून जातो, पण वाफ आणि पेट्रोल ऑइलमध्येच मुरत राहतं. शिवाय चेंबरमधला वायू उघड्यावर सोडायला आपल्याकडच्या उत्सर्जन नियमांतही मुभा नाही.

मग पाइपच्या वाटेत ऑइल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन? ही कल्पना वाईट नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत; ऑइलची वाफ त्यांवर बसून काजळी धरते. चांगला कॅन ती कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. ताकद किंवा मायलेज वाढेल ही आशा मात्र सोडावी. ‘कुठलीही बाटली चालते’ हा तर महागात पडणारा गैरसमज. आत जाळी किंवा आडपडदे नसतील, तर ऑइल सरळ पुढे जातं. पाण्याचा साधा पाइप ऑइलने फुगून मऊ होतो आणि ओढीने चपटा होऊन बसतो. टर्बो पेट्रोलमध्ये गडबड आणखी मोठी: मॅनिफोल्डकडचा एकमार्गी व्हॉल्व्ह काढला, की बूस्टचा दाब उलटा चेंबरमध्ये शिरतो आणि ऑइल सील बाहेर ढकलतो. डिझेलला तर कॅन ओसंडू देणं म्हणजे जिवाशी खेळ. ऑइल हवेसोबत आत गेलं, तर इंजिन त्यावरच सुसाट पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. कॅनमध्ये साठलेलं चहाच्या रंगाचं पाणी परत चेंबरमध्ये ओतू नये. ते जुन्या ऑइलच्या डब्यात जावं.

कुठलाही पाइप कापण्याआधी असलेली व्यवस्था चालते का, हे बघा. पेट्रोल गाडी स्लोला ठेवून ऑइलच्या भोकावर जाड कागद धरा. (काही इंजिनं तिथून ऑइल उडवतात, तोंड लांब ठेवा.) कागद हलकासा ओढला गेला पाहिजे. सुटा पीसीव्ही व्हॉल्व्ह असेल तर काढून कानाशी हलवा, खुळखुळ्यासारखा वाजायला हवा. बऱ्याच नवीन गाड्यांत तो इंजिनाच्या वरच्या कव्हरमध्येच बसवलेला असतो आणि त्यात रबरी पडदा असतो. तिथे हा आवाज शोधू नका.