हाक कोठून आली?
उपनगरांतील विद्यासंकुले आणि पोलीस नियंत्रण कक्षाचे काम

मुंबईच्या अंधेरी उपनगरात साकीनाक्याजवळ खैरानी रस्ता आहे. लहान कारखाने, गोदामे आणि मालवाहू वाहने यांनी तो दिवसभर गजबजलेला असतो. १० सप्टेंबर २०२१ च्या पहाटे या रस्त्यावरील एका रखवालदाराने पोलीस नियंत्रण कक्षाला दूरध्वनी केला. एका स्त्रीला मारहाण होत असल्याचे त्याने कळविले. सुमारे १० मिनिटांत पोलीस तेथे पोहोचले. उभ्या असलेल्या एका टेम्पोत ती स्त्री गंभीर जखमी अवस्थेत आढळली. दुसऱ्या वाहनाची वाट पाहण्यात वेळ जाईल हे ओळखून पोलिसाने तोच टेम्पो चालवीत तिला घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात पोहोचविले.

त्या अभागी स्त्रीचे प्राण वाचू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचे निधन झाले. आरोपीला मात्र काही तासांतच अटक झाली आणि जून २०२२ मध्ये दिंडोशी येथील सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. या साऱ्या घटनाक्रमाचा आरंभ एका दूरध्वनीपासून झाला. रखवालदाराने दुर्लक्ष केले असते, किंवा ठिकाण नीट कळले नसते, तर त्या स्त्रीला उपचाराची संधीही मिळाली नसती. संकटात मदत पोहोचते ती ठिकाणावर. म्हणूनच नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "आपण कोठून बोलता?"

हाकेचा प्रवास

आपत्कालीन मदतीसाठी स्वतंत्र क्रमांक असावा ही कल्पना एका दुर्घटनेतून पुढे आली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. अग्निशमन दलाला कळवू पाहणाऱ्या शेजाऱ्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतर कॉलांच्या रांगेत ताटकळावे लागले होते. तातडीचा कॉल इतरांहून वेगळा ओळखता यावा, यासाठी ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरील पहिला कॉल फेब्रुवारी १९६८ मध्ये अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावातून झाला.

आपल्याकडे पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ असे निरनिराळे क्रमांक लोकांच्या परिचयाचे आहेत. या सर्व सेवांसाठी एकच क्रमांक असावा म्हणून देशात ११२ ही सेवा सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशाने तिचा आरंभ केला, आणि महाराष्ट्रात ती २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. राज्यासाठी नवी मुंबई आणि नागपूर येथे संपर्क केंद्रे आहेत.

बोरिवलीतील गृहिणी असो वा गडचिरोलीतील शेतकरी, ११२ फिरविताच त्याचा कॉल संपर्क केंद्रातील कर्मचाऱ्याकडे जातो. तो माहिती ऐकून संगणकावर घटनेची नोंद करतो. ही नोंद संबंधित जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. तेथील दुसरा कर्मचारी घटनास्थळाच्या जवळ कोणते गस्ती वाहन आहे हे नकाशावर पाहतो आणि त्याला रवाना करतो. वाहनातील पोलिसांना हा निरोप छोट्या पडद्याच्या यंत्रावर आणि बिनतारी संचावर मिळतो. ऐकणारा एक, वाहन पाठविणारा दुसरा आणि पोहोचणारा तिसरा अशी ही साखळी आहे. पहिल्या कडीत ठिकाण चुकले, तर पुढच्या दोन्ही कड्या कितीही तत्पर असल्या तरी त्यांचे श्रम वाया जातात.

आवारातील पत्ता

मोठ्या शैक्षणिक संस्थेच्या आवारातून कॉल येतो तेव्हा या अडचणीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. तिच्या आवारात वसतिगृहे, प्रयोगशाळा, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, झाडी असे एक स्वतंत्र नगरच वसले आहे. सांताक्रूझ पूर्वेला कलिना येथील मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुलही असेच विस्तीर्ण आहे. समजा, अशा एखाद्या संकुलातील विद्यार्थिनीने रात्री ११२ ला दूरध्वनी केला.

"ताई, आपण कोठून बोलता?"

"हॉस्टेलमधून. लवकर या, माझी मैत्रीण बेशुद्ध पडली आहे."

"कोणते हॉस्टेल? क्रमांक किंवा नाव सांगा. मजला कोणता?"

"तिसरा मजला. मागच्या जिन्याजवळ."

"तिचा श्वास चालू आहे का, पाहा. फोन ठेवू नका. खाली फाटकाजवळ कोणाला उभे करता येईल का?"

हे प्रश्न घाबरलेल्या माणसाला निष्ठुर वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ते ठरावीक क्रमाने विचारलेले असतात. आधी ठिकाण, नंतर घडले काय, त्यानंतर कोणाला दुखापत झाली आहे आणि धोका अजून कायम आहे का, हे विचारले जाते. ठिकाण प्रथम विचारण्याचे कारण असे की, मध्येच कॉल तुटला तरी वाहन पाठविता यावे. कर्मचारी प्रश्न विचारीत असतो म्हणून मदत थांबलेली असते, असा समज करून घेऊ नये. एकीकडे संभाषण चालू असतानाच दुसरीकडे वाहनाला निरोप देता येतो.

मोबाइलमुळे कॉल करणाऱ्याचे ठिकाण आपोआप कळते, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. स्मार्टफोनवरून पुष्कळदा नकाशावरील ठिकाण मिळते. परंतु केवळ मोबाइल मनोऱ्यावरून काढलेले ठिकाण शेकडो मीटरांनी चुकू शकते. शिवाय उंच इमारतीतील मजला नकाशावर दिसत नाही. घाटकोपरच्या टेकडीवरील दाट वस्तीत किंवा मुलुंडच्या बहुमजली इमारतीत एवढा फरक फार मोठा ठरतो.

हद्दीचा प्रश्न

पोलीस ठाणे, महानगरपालिकेचा विभाग आणि टपाल कार्यालय यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. पवईचे उदाहरण घ्या. पोलिसांच्या दृष्टीने तेथे पवई पोलीस ठाणे आहे. महानगरपालिकेच्या दृष्टीने तोच भाग भांडुपच्या एस विभागात येतो, तर रेल्वेने येणारा पाहुणा कांजूरमार्गला उतरतो. अशा वेळी कॉल करणाऱ्याने हद्द शोधीत बसू नये. ते काम नियंत्रण कक्षाचे आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्याने हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली आहे.

सुरक्षारक्षक आणि पोलीस

अमेरिकेत अनेक विद्यापीठांची स्वतःची पोलीस खाती असतात, आणि त्यांच्या नियंत्रण कक्षात रात्रंदिवस कॉल घेणारे कर्मचारी नेमलेले असतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही. येथील विद्यासंकुलात संस्थेचे सुरक्षारक्षक असतात. त्यांना पोलिसांचे अधिकार नसतात. आपल्यासमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणताही नागरिक पकडू शकतो. तोच अधिकार रक्षकालाही आहे. परंतु पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे.

त्यामुळे आपल्याकडील संकुलात दोन यंत्रणा एकाच वेळी काम करतात. विद्यार्थी बहुधा प्रथम रक्षकाला कळवितो. रक्षक वरिष्ठांना सांगतो, वरिष्ठ कुलसचिवांना, आणि त्यानंतर पोलिसांना कळवावे की नाही याचा विचार सुरू होतो. संस्थेचे नाव खराब होईल ही भीती या विचारात डोकावते. येथेच मोलाची मिनिटे हरपतात. जिवाला धोका असेल, तर ११२ ला कळविण्यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याला आणि रक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

कळविण्यातील विलंबाची किंमत व्हर्जिनिया टेक या अमेरिकेतील विद्यापीठाने मोजली आहे. १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास तेथील वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संपूर्ण संकुलाला पहिली सूचना ई-मेलने गेली ती ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच मारेकऱ्याने नॉरिस हॉल या इमारतीत ३० जणांचे प्राण घेतले. मृतांत मुंबईहून तिकडे शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनीही होती. विद्यापीठाला स्वतःचे पोलीस होते, तरीही सर्वांना सावध करण्यास उशीर झाला. त्यावरून धडा घ्यावयाचा तो असा की, मदत बोलावणे आणि इतरांना सावध करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी झाली पाहिजेत.

आवाजापलीकडचे काम

नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याला घटना दिसत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो. रडणे, ओरडणे, शिव्याशाप आणि कधी कधी नुसती शांतता यांतून त्याला अर्थ लावावा लागतो. चुकून लागलेले, खोडसाळ किंवा निव्वळ चौकशीचे कॉलही त्याच्याकडेच येतात. प्रत्येक कॉल खरा मानूनच त्याला बोलावे लागते, कारण शांत राहिलेल्या कॉलमागे बोलू न शकणारी व्यक्तीही असू शकते. वाहन पोहोचले की त्याचे काम संपते आणि पुढचा कॉल येतो. आधीच्या घटनेतील माणूस वाचला की नाही, हे त्याला अनेकदा कळतही नाही. या कामाचा मनावर पडणारा ताण रस्त्यावरील पोलिसाच्या ताणाहून निराळा असला, तरी कमी नाही.

खोडसाळ कॉल ही या व्यवस्थेची मोठी हानी आहे. लोकसेवकाला खोटी माहिती देऊन त्याच्या अधिकाराचा गैरवापर घडवून आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. परंतु शिक्षेच्या भीतीपेक्षा शाळेतील शिकवण अधिक परिणामकारक ठरते. ज्या वेळी एक मुलगा गंमत म्हणून ११२ फिरवितो, त्या वेळी दुसरा कोणीतरी खऱ्या संकटात वाट पाहत असू शकतो, ही गोष्ट मुलांना समजेल अशा शब्दांत सांगता येते.

यंत्रणेलाही मर्यादा आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांतील रस्ते पाण्याखाली गेले, दूरध्वनी आणि मोबाइल सेवा विस्कळीत झाली. हाक देण्याचे साधनच बंद पडल्यावर उपयोगी पडले ते शेजारी. ज्या संस्थेने आणि वस्तीने आपापसांत निरोप पोहोचविण्याची सोय आधी केलेली असते, ती अशा प्रसंगी तरते.

आपण काय करू शकतो?

यातील पुष्कळ गोष्टींना खर्च नाही, केवळ योजना लागते. प्रत्येक शाळा, महाविद्यालय आणि वसतिगृहाने आपला पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण आणि पोलीस ठाण्याचे नाव मोठ्या अक्षरांत दूरध्वनीजवळ व दर्शनी भिंतीवर लावावे. आवारातील फाटकांना आणि इमारतींना क्रमांक द्यावेत, व त्यांचा नकाशा स्थानिक पोलीस ठाण्याकडे आणि अग्निशमन केंद्राकडे आधीच देऊन ठेवावा. रात्री कोणते फाटक उघडे असते आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे रक्षकाला पाठ असावे. मदत येत असताना एकाने फाटकाशी उभे राहून वाहनाला वाट दाखवावी. वर्षातून एकदा या साऱ्याचा सराव व्हावा.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या मनात पोलीस चौकशीची धास्ती असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ नुसार, सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ही माहिती शिक्षकांनी पालकसभेत अवश्य सांगावी.

ग्रामीण भागात अंतरे मोठी असतात आणि पोलीस वाहन येण्यास वेळ लागतो. तेथे राज्यातील अनेक गावांनी स्वीकारलेली ग्राम सुरक्षा यंत्रणा उपयुक्त ठरते. एका दूरध्वनीवरून परिसरातील गावकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप जातो. चोरी, आग किंवा बिबट्याचा वावर अशा प्रसंगी पोलीस येण्याआधी शेजारी धावून येतात. वाड्यावस्त्या व शेतवाटांना नावे देणे आणि पाट्या लावणे ही कामे ग्रामपंचायत सहज करू शकते. ज्या वस्तीला नाव नाही, तिचा पत्ता संकटात सांगावयाचा कसा?

खैरानी रस्त्यावरील त्या रखवालदाराकडे कोणताही अधिकार नव्हता. त्याने पाहिले आणि वेळेवर कळविले, एवढेच. नियंत्रण कक्षातील कर्मचारी, वाहनातील पोलीस आणि रुग्णालयातील डॉक्टर यांचे काम त्यानंतर सुरू झाले. ही साखळी शासन उभारू शकते. परंतु तिची पहिली कडी आपल्याच हाती असते. आपण आज कोठे उभे आहोत, हे एका वाक्यात सांगता येईल का, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाने, शाळेने आणि ग्रामपंचायतीने स्वतःला एकदा विचारून पाहावा.