जपानी लावापालन : भोर-वेल्ह्यातील गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोर तालुक्यात आणि आता राजगड या नावाने नोंदल्या जाणाऱ्या वेल्हे तालुक्यात डोंगरउतारावरच्या गवतातून पायाशी अचानक फडफडून उडणारा तपकिरी लावा आणि शेडमध्ये पाळला जाणारा जपानी लावा हे एकच पक्षी आहेत, ही समजूत लावापालनाविषयीच्या पुष्कळशा गोंधळाच्या मुळाशी आहे. काही जण तर दोघांनाही सरसकट तित्तर म्हणतात, जो वास्तविक आकाराने मोठा असा निराळाच पक्षी आहे. जपानी लावा, ज्याला बाजारात बटेर किंवा क्वेल म्हणतात, हा जपानमध्ये शतकानुशतके माणसाळवलेला आणि विसाव्या शतकात अंड्यांसाठी व मांसासाठी निवडपद्धतीने वाढवलेला पाळीव पक्षी आहे. १९७४ मध्ये तो कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातील बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला, आणि तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याच्या कॅरी उत्तम, कॅरी उज्ज्वल, कॅरी श्वेता यांसारख्या जाती विकसित केल्या.

‘लावा पाळणे बेकायदा आहे’ हा समजही या गोंधळातूनच आला असला, तरी तो सर्वस्वी निराधार नव्हता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानातील लावे संरक्षित आहेत आणि त्यांना जाळ्यात पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे; २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने याच कायद्याच्या आधारे जपानी लाव्याच्या नव्या फार्मनाही प्रतिबंध केला होता, परंतु पाळीव जातीला वन्य पक्ष्याचे नियम लावणे योग्य नाही हे मान्य होऊन तो प्रतिबंध पुढे उठवण्यात आला. आज जपानी लाव्याचे पालन वैध आहे. मात्र पिल्ले कोठून घेतली याची पावती जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण तपासणीच्या वेळी पक्षी रानातून धरलेले नाहीत हे दाखवण्याचा तोच सर्वांत सोपा पुरावा असतो. याउलट, शिल्लक राहिलेले पक्षी राजगड किंवा तोरण्याच्या पायथ्याशी सोडून देणे हे पुण्यकर्म आहे, असे जे मानले जाते ते चुकीचे आहे. शेडमध्ये वाढलेला पक्षी रानात फार काळ तग धरत नाही, आणि जो धरतो त्याचा तेथे येणाऱ्या सामान्य लाव्याशी संकर होऊन मूळ वन्य वंशात भेसळ होण्याचा धोका असतो; युरोपात असा संकर नोंदलेला आहे.

‘पक्षी लहान, म्हणून काम लहान’ ही समजूत सर्वांत महागात पडते. एका कोंबडीच्या जागेत आठ-दहा लावे मावतात हे खरे आहे, पण या पक्ष्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या लहानपणात नसून वेगात आहे. त्याचे अंडे सतरा-अठरा दिवसांत फुटते, पिल्लू पाचव्या आठवड्यात मांसासाठी तयार होते आणि मादी सहाव्या-सातव्या आठवड्यात अंडी देऊ लागते. हा कालावधी इतका आटोपशीर आहे की १९९० मध्ये मीर या अंतराळस्थानकावर अंडी उबवण्याच्या प्रयोगासाठी याच पक्ष्याची निवड झाली होती. परंतु वेगाचा अर्थ असाही होतो की चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचे असते आणि त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून ब्रूडरमध्ये, म्हणजे कृत्रिम ऊब देणाऱ्या कक्षात, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवावे लागते. तापमापकापेक्षाही पिल्लांची बसण्याची रीत अधिक खरे सांगते: ती दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे, आणि कडेला पांगून चोच उघडून धापा टाकत असतील तर ती जास्त आहे.

पावसाळ्यात वेल्ह्याच्या पश्चिमेकडील गावांत किंवा वरंधा घाटाच्या बाजूला वीज गेली आणि ती रात्रभर आली नाही, तर केवळ बल्बवर अवलंबून असलेल्या ब्रूडरमधील अख्खी तुकडी सकाळपर्यंत दगावू शकते. म्हणून गॅसचा ब्रूडर किंवा कोळशाची शेगडी हाताशी असणे आवश्यक आहे, आणि शेगडी वापरताना धूर व विषारी वायू कोंडणार नाहीत इतकी हवा खेळती ठेवणे त्याहून आवश्यक आहे. याखेरीज पिल्ले पाण्याच्या उथळ भांड्यातही बुडतात, त्यामुळे भांड्यात गोट्या किंवा स्वच्छ खडे टाकतात. आणि गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकून कायमचे अधू होतात, त्यामुळे पहिले काही दिवस खरखरीत कागद अंथरतात. या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतात, तथापि नवख्या पालकाची पिल्ले आजारापेक्षा अशाच कारणांनी अधिक मरतात.

भाताच्या या पट्ट्यात ‘तूस गावातच मिळते आणि कणीही घरचीच आहे, तेव्हा खर्च कसला’ असा हिशेब मांडला जातो, त्यातील पहिला अर्धा भाग बरोबर आणि दुसरा चुकीचा आहे. भातगिरणीतील कोरडे तूस जमिनीवर अंथरण्याच्या गादीसाठी उत्तम असते. कणी मात्र पूर्ण खाद्य होऊ शकत नाही, कारण वाढत्या पिल्लाला खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात आणि तांदळात ती सात-आठ टक्केच असतात. कणीवर वाढवलेली तुकडी पाच आठवड्यांत तयार होत नाही आणि जो वेग या धंद्याचा आधार आहे तोच निघून जातो. शिवाय पावसाळी दमट हवेत मक्याला आणि तयार खाद्याला बुरशी लागते व तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे, पक्ष्याच्या यकृतावर घाला घालणारे विष तयार होते. यासाठी गोण्या जमिनीला व भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचाव्यात आणि या चार महिन्यांत खाद्याचा मोठा साठा करू नये. गादी ओली झाली की तिच्यातून अमोनिया सुटतो व रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, म्हणून शेडचे जोते उंच, पश्चिमेकडील छपराची पाख लांब आणि पडदे खालून वर ओढता येणारे असणे हे इथे हौसेचे नव्हे तर गरजेचे बांधकाम आहे.

‘लाव्याला रोग होत नाहीत’ हे विधान पिल्ले विकणाऱ्यांच्या तोंडी वारंवार आढळते. मानमोडीसारख्या काही रोगांना तो कोंबडीपेक्षा अधिक तोंड देतो, एवढेच त्यात तथ्य आहे. आतड्यात व्रण पाडणारा एक जिवाणूजन्य रोग तर लाव्यातच इतका आढळतो की त्याला ‘क्वेल डिसीज’ हेच नाव पडले आहे. आणि २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच उद्रेक झालेल्या बर्ड फ्लूपुढे लावाही कोंबडीइतकाच असहाय असतो. गावठी कोंबड्या आणि लावे एकाच शेडमध्ये किंवा एकाच माणसाच्या त्याच चपलांनी सांभाळणे म्हणूनच टाळावे. मर झाल्यास मृत पक्षी ओढ्यात फेकण्याऐवजी त्याचे शवविच्छेदन करून घेणे योग्य. भोरच्या पालकाला नीरा नदीपलीकडे शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे आणि पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे.

मादी स्वतः अंडी उबवील, ही अपेक्षाही फोल ठरते, कारण शेकडो पिढ्यांच्या निवडीत पाळीव लाव्याची खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ नष्ट झाली आहे. अंडी यंत्रातच उबवावी लागतात. त्याचप्रमाणे तो कोंबडीसारखा संध्याकाळी घराकडे परतत नाही, त्यामुळे त्याला अंगणात मोकळा सोडता येत नाही. घरच्याच तुकडीतील नर-मादी पिढ्यान्‌पिढ्या जुळवल्यास सगोत्र संकराचा परिणाम या पक्ष्यात फार लवकर दिसतो, अंडी फुटण्याचे प्रमाण घसरते आणि पिल्ले दुबळी होतात. म्हणून ठरावीक काळाने बाहेरचे नर आणावे लागतात.

अंड्यांविषयीचे दावे हा स्वतंत्र विषय आहे, आणि तेथे विक्रेत्याने विशेष जबाबदारीने बोलले पाहिजे. लाव्याचे अंडे पौष्टिक आहे, परंतु ते दमा, क्षय किंवा मधुमेह बरा करते याला आधार नाही. त्यात कोलेस्टेरॉल नसते हे तर उघड असत्य आहे, कारण १०० ग्रॅममागे ते कोंबडीच्या अंड्याच्या सुमारे दुप्पट असते. अंडे दहा-बारा ग्रॅमचेच असल्यामुळे एका अंड्यातून ते कमी जाते, एवढाच त्या समजाचा उगम असावा. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला लाव्याचे अंडे निर्धास्तपणे देणे धोक्याचे आहे, कारण दोन्हींतील प्रथिने पुष्कळ सारखी असतात, आणि ते कच्चे पिणेही सुरक्षित नाही.

राहिला उत्पन्नाचा प्रश्न. मोठा पक्षी रोज २५ ते ३० ग्रॅम खातो, म्हणजे ५०० पक्ष्यांना दिवसाला साडेबारा ते पंधरा किलो खाद्य लागते, मग ते विकले जावोत अथवा न जावोत. आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर वाढ मंदावत असल्याने त्यापुढे ठेवलेला मांसाचा पक्षी केवळ खर्च वाढवतो. कोंबडीला गावात रोजचे गिऱ्हाईक असते, लाव्याला नसते. त्याचे ग्राहक पुणे-सातारा महामार्गावरील ढाबे, पुण्यातील काही हॉटेले आणि सुट्टीच्या दिवशी राजगड, तोरणा, भाटघर येथे येणारे पर्यटक असे विखुरलेले असतात. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून त्यांच्याशी आधी बोलणे झाले असेल तरच तुकडीचा आकार ठरवता येतो. उबवणीचे अठरा आणि वाढीचे पस्तीस मिळून त्रेपन्न दिवस होतात. आखाडाच्या मागणीला पक्षी तयार हवे असतील तर अंडी वैशाखातच यंत्रात जावी लागतात, ज्यायोगे ब्रूडरचे नाजूक दिवस मोठ्या पावसाआधी उरकतात, आणि त्यानंतर महिनाभराने यंत्रात भरलेली मांसाची तुकडी नेमकी श्रावणात, घरोघरी सामिष बंद असताना, विक्रीला येते.