‘यौलान’ : वाक्यांत जपलेले संगीत

चीनच्या गूछिन या सात तारांच्या वाद्यावरील ‘यौलान’, म्हणजे ‘एकाकी ऑर्किड’, या रचनेचे ७ व्या शतकातील हस्तलिखित जपानात सुरक्षित राहिले. त्याची प्रस्तावना ही रचना छ्यू मिंग (४९४–५९०) या वादकाशी जोडते. पुढे स्वरचिन्हांऐवजी सरळ वाक्ये आहेत : उजव्या हाताच्या कोणत्या बोटाने कोणती तार छेडावी, डाव्या हाताने ती कोठे दाबावी. मात्र स्वर नेमका किती काळ टिकावा, हे त्यांत नाही. ते गुरुमुखातूनच कळावयाचे. ती परंपरा खंडित झाली. १८८४ मध्ये तोक्योत हस्तलिखित छापले गेले आणि चीनला आपली रचना पुन्हा लाभली. २० व्या शतकात ग्वान पिंगहू प्रभृती वादकांनी तिची लय स्वतः शोधली. म्हणूनच त्याच वाक्यांतून प्रत्येक वादकाचे ‘यौलान’ निराळे उमलते.